लाटेकमधील चिन्हांकित रोमन अक्षरे

फ्रेंच, चेक, पोलिश या भाषांत आणि संस्कृत-मराठीच्या रोमन लिप्यंतरात अक्षरांच्या डोक्यावर वा पायाशी चिन्हे येतात. लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीत ही अक्षरे बिघडण्याचे मूळ बहुधा फॉन्टच्या संकेतनात (एन्कोडिंग) असते. लाटेक ज्यावर उभी आहे त्या टेक प्रणालीसाठी डोनाल्ड क्नूथ यांनी घडवलेल्या कम्प्यूटर मॉडर्न फॉन्टमध्ये अक्षरांसाठी १२८ जागाच होत्या. तयार चिन्हांकित अक्षर त्यांत नसल्याने मूळ अक्षरावर वेगळे चिन्ह बसवून ते घडवावे लागे.

कागदावर हे ठीक दिसते, म्हणूनच चूक ध्यानात येत नाही. पीडीएफमधून ‘एलेव्ह’ (विद्यार्थी) हा फ्रेंच शब्द नकलून पाहावा: पहिल्या दोन ‘ई’वरच्या तिरक्या रेघा सुट्या होऊन पडतात आणि शब्द शोधूनही सापडत नाही. शिवाय बसवलेल्या चिन्हापाशी टेकची शब्दतोड थांबते, त्यामुळे लांब शब्द समासात घुसतात.

१९९० मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे टेक वापरकर्त्यांच्या परिषदेत २५६ जागांचे संकेतन ठरले. तेच ‘टी १’. ‘फॉन्टएन्क’ पॅकेजला हा पर्याय दिला की युरोपातील बहुतेक भाषांची तयार अक्षरे मिळतात. मात्र एवढ्यावर थांबल्यास काही संगणकांवर अक्षरे पडद्यावर फुटकी दिसतात, कारण रेखीव फॉन्टऐवजी ठिपक्यांचा फॉन्ट उचलला जातो. यावर ‘लॅटिन मॉडर्न’ हा उत्तम उपाय. पोलंडच्या बोगुस्वाव यात्स्कोव्हस्की व यानुश नोव्हात्स्की यांनी केलेला हा फॉन्ट कम्प्यूटर मॉडर्नचेच वळण राखतो.

मजकुराची फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवलेली असावी. २०१८ पासून लाटेक तेच गृहीत धरते. जुनी फाइल वेगळ्या संकेतनात असेल तर आधी ती रूपांतरित करावी.

भारतविद्येच्या ग्रंथांचे काम टी १ ने भागत नाही. दीर्घ ‘आ’ची आडवी रेघ किंवा ‘ट’, ‘ण’ यांचे खालचे टिंब असलेली तयार अक्षरे त्यात नाहीत. तिथे झीलाटेक किंवा लुआलाटेक या लाटेकच्या युनिकोड जाणणाऱ्या रूपांपैकी एक वापरून ही अक्षरे असलेला युनिकोड फॉन्ट ‘फॉन्टस्पेक’ पॅकेजने निवडणे, हाच खरा मार्ग. निवडलेल्या फॉन्टमध्ये एखादे अक्षर नसले, तर छापील पानावरून ते मुकाट गळू शकते. म्हणून छपाईला देण्यापूर्वी लॉग फाइलमधील गहाळ अक्षरांच्या सूचना एकेक करून तपासाव्यात.