गाडीच्या विम्यातले ‘ॲड-ऑन’: कोणते घ्यायचे, कोणते सोडायचे?

विम्याची तारीख महिन्यावर आली की फोन सुरू होतात. “सर, झिरो डेप टाकू ना? इंजिन प्रोटेक्ट पण टाकतो, थोडेच जास्त होतात.” आपण वर्गात असतो, दुकानात असतो, घाईत ‘हो’ म्हणून टाकतो. नाहीतर पैसे वाचवायचे म्हणून सरसकट ‘नाही’ म्हणतो. दोन्हीकडे नुकसान आपलंच. आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी हाच विषय निघतो, म्हणून एकदा सगळा हिशेब मांडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरपाई देतो, आपल्या गाडीच्या दुरुस्तीला त्यातून एक रुपयाही मिळत नाही. स्वतःच्या गाडीसाठी ‘ओन डॅमेज’ भाग घ्यावा लागतो आणि ॲड-ऑन त्याच भागाला जोडले जातात. कोणी फक्त थर्ड पार्टी पॉलिसीवर झिरो डेप देतो म्हणाला तर समजून जा.

आता झिरो डेप. माझ्या मते सगळ्यात जास्त विचार याच्यावर करायला हवा. अपघातानंतर गॅरेजचं बिल झालं की विमा कंपनी जुन्या पार्टची घसारा रक्कम कापते. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी यांवर सरळ 50 टक्के, मग गाडी कालच घेतलेली का असेना. फायबरग्लासवर 30 टक्के. काचेवर काही नाही. पत्र्याच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत शून्य, एक वर्षापर्यंत 5, दोनपर्यंत 10, तीनपर्यंत 15, चारपर्यंत 25, पाचपर्यंत 35, दहापर्यंत 40 आणि त्यापुढे 50 टक्के.

उदाहरण घेऊ. साडेतीन वर्षांची गाडी समोरून ठोकली. बंपर 8 हजार, हेडलाइट 10 हजार, दरवाजा 12 हजार, रंगकाम 10 हजार. बिल झालं 40 हजार. बंपरवर 4 हजार कापले, हेडलाइटवर 5 हजार, दरवाजावर 25 टक्क्यांनी 3 हजार. रंगाच्या बिलाचा एक चतुर्थांश भाग मटेरियल धरून त्याचे निम्मे, म्हणजे 1,250. वर प्रत्येक क्लेमला आपण भरायचे सक्तीचे 1 हजार (1500 सीसीपर्यंतच्या गाडीला, त्यापुढे 2 हजार). खिशातून गेले 14,250. झिरो डेप असता तर गेला असता तो 1 हजार आणि नट-बोल्ट, ऑइल असली किरकोळ रक्कम.

म्हणून एजंटला विचारायचं, झिरो डेपचे नेमके रुपये किती? टक्के सांगू नका, रुपये सांगा. आजकालच्या गाड्यांचं तोंड अख्खं प्लास्टिकचं असतं, त्यामुळे पहिली चार-पाच वर्षं तरी घ्यावा असं माझं मत आहे. नवीन शिकलेला मुलगा किंवा मुलगी घरात असेल तर नक्की. पाच वर्षांपुढे बऱ्याच कंपन्या देतच नाहीत, दिला तर महाग पडतो. वर्षाला किती क्लेम चालतात तेही बघा, अनेक पॉलिसीत दोनच असतात.

इंजिन प्रोटेक्टचं गणित मात्र गाडीच्या वयावर नाही, आपल्या पत्त्यावर आहे. जुलै 2021 मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आमच्या साडूंची गाडी बोनेटपर्यंत बुडाली. पुराचं नुकसान साध्या ओन डॅमेजमध्ये येतं, त्यामुळे सीट, वायरिंग, कार्पेटचे पैसे मिळाले. पण पाणी उतरल्यावर घाबरून त्यांनी चावी फिरवली. पाणी सिलिंडरमध्ये गेलं होतं, कनेक्टिंग रॉड वाकला. पुरानंतर तुम्ही गाडी चालू केल्यामुळे हे झालं, असं म्हणत कंपनीने इंजिन नाकारलं. साध्या पॉलिसीत असं मागाहून झालेलं नुकसान धरतच नाहीत. इंजिन प्रोटेक्ट याच्यासाठीच असतो. पण तो असला तरी पाण्यात उभी गाडी चालू करू नका, कारण हलगर्जीपणाचा मुद्दा तेव्हाही काढतात. फोटो काढा, कंपनीला कळवा, गाडी टो करून न्या.

चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूरचा सखल भाग, कुर्ला, भिवंडी अशा ठिकाणी गाडी रस्त्यावर उभी राहत असेल तर गाडी आठ वर्षांची असली तरी हा ॲड-ऑन मिळतोय का ते विचारा. ज्यांची गाडी टेकाडावरच्या सोसायटीत उभी असते आणि पावसाळ्यात फारशी निघत नाही, त्यांनी सोडला तरी चालेल.

कर्जावर नवीन गाडी घेतलेल्यांनी ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ बघावा. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला, तर कंपनी आयडीव्ही देते, आपण दिलेली किंमत नाही. एक ते दोन वर्षांच्या गाडीची आयडीव्ही 20 टक्के उतरलेली असते, दोन ते तीनला 30 टक्के. 8 लाखांच्या गाडीचे दीड वर्षात 6 लाख 40 हजार. रोड टॅक्सचे पैसे तर गेलेच. हप्ते मात्र चालूच राहतात. गाडी नाही आणि हप्ता आहे, ही परिस्थिती पगारदार घराला फार जड जाते. पहिली तीन वर्षं घ्या, मग सोडून द्या.

एनसीबी प्रोटेक्टबद्दल लोकांचा गोंधळ होतो. क्लेम केला नाही तर ओन डॅमेजच्या हप्त्यावर सूट मिळते: 20, 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षी 50 टक्के. एक क्लेम केला की शून्य. समजा ओन डॅमेजचा हप्ता 8 हजार आहे आणि सूट 50 टक्के. क्लेमनंतर पहिल्या वर्षी 4 हजार जास्त, मग 2,400, मग 2 हजार, 1,200, 400. पाच वर्षांत 10 हजार. (आयडीव्ही उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी.) म्हणजे 6-7 हजारांच्या कामासाठी क्लेम करणं घाट्याचा सौदा, झिरो डेप असला तरी. सूट 45-50 वर पोचली असेल तर हा ॲड-ऑन कामाचा, 20 वर असेल तर नाही. ही सूट गाडीची नसून मालकाची असते. जुनी गाडी विकली तर सूट नव्या गाडीवर नेता येते, हे खूप जणांना माहीतच नसतं. पॉलिसी संपून 90 दिवस झाले तर मात्र ती जाते. आणि क्लेम करूनही “सूट दाखवून देतो” म्हणणाऱ्या एजंटपासून लांब राहा. पुढच्या क्लेमच्या वेळी ते उघडं पडतं.

बाकीचे झटपट. कन्झ्युमेबल्स स्वस्त असेल तर झिरो डेपबरोबर घ्या. रोडसाइड असिस्टन्स गाडी कंपनीकडून आधीच फुकट मिळालाय का ते बघा, एकाच गोष्टीचे दोनदा पैसे कशाला? चावी, सामान, रोजचा भत्ता हे मी कधीच घेतले नाहीत. टायरचं कव्हर खराब रस्त्यावर रोज ये-जा असेल तरच.

ज्याच्यावर कोणी बोलत नाही ते माणसांचं. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा फक्त आरसीवर नाव असलेल्या मालकाला लागू होतो आणि त्याच्याकडे लायसन्स असावं लागतं. आपल्याकडे गाडी अब्बांच्या किंवा अम्मीच्या नावावर, चालवतो मुलगा. अशा वेळी त्या मुलाला यातून काही नाही. ईदला सात जण कोंबून गावी जाताना आठवा, प्रवाशांचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं आणि ते महाग नसतं. पगारी ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याची जबाबदारी 50 रुपयांत जोडली जाते. इतक्या कमी पैशांत दुसरं काय येतं?

बाहेरून सीएनजी किट बसवलंय? मग ॲड-ऑनच्या आधी ते आरसीवर आणि पॉलिसीवर नोंदवा. किटच्या किमतीच्या 4 टक्के आणि थर्ड पार्टीचे 60 रुपये, एवढाच खर्च. नोंद नसेल तर क्लेमच्या वेळी वाद ठरलेला.

पॉलिसीची पीडीएफ आली की त्याच दिवशी उघडा. प्रत्येक ॲड-ऑनचं नाव आणि त्याच्यासमोरची रक्कम, इंजिन नंबर, एनसीबीचा टक्का, नॉमिनीचं नाव तपासा. हप्त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो, तोही मोजा. फोनवर सांगितलेलं एखादं कव्हर त्यात दिसलं नाही तर लगेच ईमेल करा, अपघातानंतर नाही.