यशवंतराव चव्हाण : देशाची सुरक्षा आणि सैनिकांचे प्रश्न

संरक्षण आणि गृह ही दोन्ही खाती दीर्घकाळ सांभाळलेल्या मोजक्या मराठी नेत्यांमध्ये यशवंतराव बळवंतराव चव्हाण (१९१३-१९८४) यांचे नाव अग्रभागी आहे. सीमेवरील युद्ध, देशांतर्गत सुरक्षा आणि पुढे अर्थमंत्री या नात्याने सैनिकांच्या वेतन-निवृत्तिवेतनाचा प्रश्न, असे या विषयाचे तीनही पैलू त्यांच्या कारकिर्दीत आले. त्यांपैकी पहिल्या दोहोंत त्यांची कामगिरी भरीव ठरली. तिसऱ्याचा वाद मात्र त्यांच्यामागेही अनेक दशके चालू राहिला.

पार्श्वभूमी

देवराष्ट्रे येथे जन्मलेल्या चव्हाणांचे कायद्याचे शिक्षण पुण्यातील विधी महाविद्यालयात झाले. १९४२च्या चळवळीत ते भूमिगत होते. त्यांचे कार्यक्षेत्र असलेला सातारा जिल्हा हा सैनिकांचा जिल्हा. अपशिंगेसारखी गावे पिढ्यानपिढ्या लष्करभरतीसाठी ओळखली जातात. ते मुख्यमंत्री असताना, २३ जून १९६१ रोजी, देशातील पहिली सैनिकी शाळा साताऱ्यात सुरू झाली. पुढच्याच महिन्यात, १२ जुलैला, पानशेत धरण फुटून पुण्यावर संकट कोसळले. धरण वाचविण्यासाठी लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली होती. नागरी आपत्तीत लष्कर किती मोलाचे ठरते, याचा तो अनुभव होता.

संरक्षणमंत्री (१९६२-१९६६)

चीनकडून झालेल्या पराभवानंतर कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले आणि नोव्हेंबर १९६२मध्ये पंडित नेहरूंनी चव्हाणांना दिल्लीला बोलावून घेतले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य तेव्हापासून महाराष्ट्राच्या तोंडी रुळले. १९६३मध्ये नाशिकमधून ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले.

खचलेल्या सैन्याचा आणि मंत्रालयाचा परस्परांवरील विश्वास पुन्हा निर्माण करणे, हे त्यांचे पहिले काम होते. तिन्ही दलप्रमुख आणि संरक्षण सचिव यांच्याशी रोज सकाळी बैठक घेण्याची पद्धत त्यांनी पाडली. १९६४ ते १९६९ या काळासाठी पंचवार्षिक संरक्षण योजना आखण्यात आली. सव्वाआठ लाखांचे भूदल, दहा पर्वतीय डिव्हिजन आणि ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल ही तिची उद्दिष्टे होती. शस्त्रसामग्रीसाठी १९६४मध्ये त्यांनी अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोन्ही देशांचे दौरे केले.

१ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले. हवाई दल वापरण्याची परवानगी चव्हाणांनी काही मिनिटांतच दिली आणि त्याच दिवशी सायंकाळी भारतीय विमाने रणभूमीवर पोहोचली. १९६२च्या युद्धात हवाई दलाचा लढाऊ वापर झालाच नव्हता. त्या तुलनेत या निर्णयाचे महत्त्व कळते.

याच काळातील एक निर्णय मात्र आजही टीकेचा विषय आहे. १९६२च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत त्याचा केवळ गोषवारा मांडला. सैन्याचे मनोबल आणि सुरक्षितता ही त्यामागची कारणे होती. याउलट १९९९च्या कारगिल संघर्षावरील समितीचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, पुढच्याच वर्षी संसदेसमोर आला.

गृहमंत्री (१९६६-१९७०)

नोव्हेंबर १९६६मध्ये चव्हाणांकडे गृहखाते आले. त्यांच्या कारकिर्दीतील दोन कायदे आजही लागू आहेत. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा १९६७मध्ये संमत झाला. त्याचा मूळ रोख फुटीरतावादी संघटनांवर होता. दहशतवादविषयक तरतुदी त्यात २००४मध्ये समाविष्ट झाल्या. दुसरा कायदा १९६८चा. सार्वजनिक उद्योगांच्या रक्षणासाठीचे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल त्यानुसार १९६९मध्ये उभे राहिले. विमानतळांचे रक्षणही पुढे याच दलाकडे आले. नक्षलबारीच्या उठावानंतर गृहमंत्रालयाने शेतीविषयक असंतोषाचा अभ्यास करविला. केवळ पोलिसी बळाने हा प्रश्न सुटणार नाही, जमीनसुधारणाही हव्यात, असा त्याचा सूर होता.

माजी सैनिकांचा प्रश्न

चीन युद्धानंतर अधिकाऱ्यांची कमतरता भरून काढण्यासाठी आणीबाणीकालीन कमिशन देण्यात आले. त्यांच्या प्रशिक्षणासाठी १९६३मध्ये मद्रास आणि पुणे येथे अधिकारी प्रशिक्षण शाळा निघाल्या. पुण्याची शाळा १९६४मध्ये बंद झाली. अल्पकाळ सेवा करून मुक्त झालेल्या या तरुणांपुढे उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा केंद्रीय सेवांमधील काही जागा त्यांच्यासाठी राखून ठेवण्यात आल्या.

सर्वसामान्य जवानाचा प्रश्न याहून बिकट होता. तो ऐन उमेदीच्या वयात निवृत्त होतो आणि पुढचे आयुष्य त्याला मुख्यतः निवृत्तिवेतनावर काढावे लागते. सैन्यदलांच्या वेतनाचा विचार करणारा पहिला वेतन आयोग म्हणजे तिसरा. त्याचा अहवाल १९७३मध्ये आला, तेव्हा चव्हाण अर्थमंत्री होते. जवानांचे निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या सत्तर टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर याच वेळी आले, असे माजी सैनिकांच्या संघटना सांगतात. हा निर्णय एका मंत्र्याचा नव्हे, तर संपूर्ण सरकारचा होता. तरीही 'समान पद, समान निवृत्तिवेतन' या मागणीची मुळे संघटना तेथेच शोधतात. ही मागणी सरकारने नोव्हेंबर २०१५मध्ये मान्य केली आणि तिचा लाभ १ जुलै २०१४पासून लागू केला.

मूल्यमापन

चव्हाण पुढे साताऱ्यातून चार वेळा लोकसभेवर निवडून आले आणि १९७९मध्ये उपपंतप्रधानही झाले. लढणाऱ्या सैन्यामागे मुलकी नेतृत्व ठामपणे उभे करणे, ही त्यांची सर्वांत मोठी देणगी होय. गणवेश उतरविल्यानंतरच्या सैनिकाची व्यवस्था मात्र तितक्याच ठामपणे उभी राहिली नाही. ते काम पुढच्या पिढ्यांसाठी शिल्लक राहिले.