रमण्याचे दरवाजे

बक्षीस देणाऱ्याची खरी परीक्षा, घेणाऱ्यांची संख्या वाढू लागली म्हणजे होते. पेशवाईतील श्रावणमासाची दक्षिणा हे याचे पुण्यातील ठळक उदाहरण होय. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी सुरू केलेली ही प्रथा, १७३१ साली डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे मारले गेल्यावर, पहिल्या बाजीरावाने पुण्यात चालविली. हेतू विद्येच्या गौरवाचा होता. लाभ मात्र ब्राह्मणांपुरताच.

पुढे दूरदूरहून हजारो ब्राह्मण येऊ लागले. प्रत्येकाची विद्या तपासणे अशक्य झाले, तेव्हा दोन वाटा पडल्या. विद्वानांची परीक्षा होऊन त्यांना मोठी रक्कम मिळे; बाकीच्यांना पर्वतीच्या पायथ्याशी रमण्याच्या आवारात घेऊन, दरवाजातून एकेकाला बाहेर सोडताना दक्षिणा दिली जाई. विद्येची पारख मागे पडली, डोक्यांची मोजणी पुढे आली; आणि खर्च कित्येक लाखांवर गेला.

अशा वेळी उपाय दोनच: थैली वाढवायची, की वाटा घटवायचा? २०१६ साली सुरू झालेल्या स्टीमिट या ब्लॉकचेनवरील लेखनमंचाने दुसरा मार्ग धरला. तेथे रोज ठराविक प्रमाणात नवी नाणी निर्माण होत आणि ती मतांनुसार लेखनाला वाटली जात. लिहिणारे वाढले की सरासरी वाटा आपोआप घटे. मात्र ज्याच्या गाठी नाणी अधिक, त्याच्या मताचे वजनही अधिक. थैलीचा हिशेब जुळला. दरवाजावर कोण उभा, हा प्रश्न उरलाच.

पुण्यातही तेच घडले. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने दक्षिणा ५०,००० रुपयांवर आणली. तिच्यातूनच १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. आजच्या डेक्कन कॉलेजचे मूळ तेच. १८४९ साली लोकहितवादींसह सुधारकांनी अर्ज केला, की दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथकारांना, जात न पाहता, मिळावा. त्यातून दक्षिणा प्राइज कमिटी आकाराला आली. आता माणसे मोजायची नव्हती, ग्रंथ पारखायचे होते. ही सुधारणा मोठीच. मराठी गद्य त्या पैशावर काही अंशी पोसले गेले, हे नाकारता येत नाही.

परंतु १८५५ साली जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक याच कमिटीकडे पाठविले, आणि ते नाकारले गेले. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनीच पुढे 'गुलामगिरी'त नोंदविले आहे. भिक्षुकीने शेतकरी कसा नाडला जातो, हाच त्या नाटकाचा विषय होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

आम्ही वर्गात मराठी गद्याचा इतिहास शिकवितो, तेव्हा बक्षीस मिळालेल्या ग्रंथांची यादी सहज हाती लागते. नाकारलेल्यांची यादी तशी हाती लागत नाही. 'तृतीय रत्न' टिकले ते बक्षिसावाचून. बक्षिसाची व्यवस्था वाढत्या संख्येला पुरली की नाही, हे थैलीवरून कळते. ती न्याय्य होती की नाही, हे मात्र दरवाजातून परत गेलेल्यांकडूनच कळते.