एकच पट्टी, दोन नावे

आमच्या गंगाखेडला, जनाबाईंच्या गावी, भजन येते ते ऐकून. स्वर लिहिण्यात चूक कसली, असे कुणी विचारले की मी पेटी पुढे ओढतो. रे आणि ग यांच्या मधली काळी पट्टी एकच. तिला कोमल ग म्हणायचे की तीव्र रे? आपल्याकडे उत्तर ठरलेले आहे: रे, ग, ध, नी फक्त उतरतात, चढतो तो एकटा म. पाश्चात्त्यांच्या ‘ए मायनर’मध्ये सातवा स्वर चढवला, तर त्याला ‘जी शार्प’च लिहावे लागते. ‘ए फ्लॅट’ लिहिले तर पट्टी तीच, पण सातांतले एक अक्षर गळते. आपल्या किरवाणीत हीच सुरावट आहे. तिथे ग, ध कोमल आणि तो सातवा नी शुद्धच, म्हणून त्याला खूणच नको.

आपला घोळ झाला तो खुणांचा. पं. भातखंडे (१८६०–१९३६) यांनी कोमल स्वराखाली आडवी रेघ दिली, तर १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी हलन्ताची खूण. इथवर ठीक. पण डोक्यावरचा टिंब भातखंड्यांकडे तार सप्तकाचा, पलुसकरांकडे मंद्राचा! मवरची उभी रेघ एकाकडे तीव्र मध्यम, दुसऱ्याकडे तार सप्तकातला म. आणि काफीच्या ग-नीखालच्या दोन रेघा नकलताना सुटल्या, तर कागदावर बिलावल उरतो. म्हणून नव्या वहीत मी आधी पद्धतीचे नाव घालतो, मग सा.