चाकोरीतला इतिहास

‘स्लिकरॉक’ या शब्दाचा सरळ अर्थ निसरडा खडक. अमेरिकेतल्या युटा राज्यात मोअब नावाचं गाव आहे. त्या गावाच्या वरच्या अंगाला पसरलेल्या वालुकाश्माला हे नाव पडलं ते घोड्यांमुळे. लोखंडी नाल ठोकलेले खूर त्या उघड्या उतारांवर घसरत, म्हणून तो निसरडा. आज त्याच खडकावर जगभरातले लोक माउंटन बाइक घेऊन येतात, कारण रबरी टायर त्याच्या खरखरीत पृष्ठभागाला घट्ट धरून ठेवतो. नाव खुरांनी दिलं, कीर्ती चाकांनी. दोघांचा अनुभव एकमेकांच्या अगदी उलट.

मी बडोद्यात राहते आणि इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. मोअबच्या परिसरातल्या सायकलप्रवासावरचं एक लेखन मराठीत आणताना माझी गाडी पहिल्याच पानावर अडली, तीही ‘ट्रेल’ या साध्या शब्दापाशी. पायवाट म्हणावं तर तिथे पाय टेकतच नाहीत. रस्ता म्हणावं तर निम्मी मजा गेली. आपल्याकडे पाऊलवाट आहे, गाडीवाट आहे, पाणंद आहे, आडवाट आहे, घाट आहे. प्रत्येक शब्दात कोण जातं आणि कशासाठी जातं हे आधीच ठरलेलं असतं. पाणंदीतून बैलगाडी शेताकडे जाते, घाटातून माल उतरतो. ‘ट्रेल’मध्ये मात्र जाणारा कोणीही असू शकतो. म्हणून शब्द शोधायचा तर तिथून आधी कोण कोण गेलं हे पाहणं भाग होतं.

कोलोरॅडो पठार युटा, कोलोरॅडो, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या चार राज्यांत पसरलं आहे. पाऊस फार थोडा. कोलोरॅडो आणि ग्रीन या नद्यांनी ते शेकडो मीटर खोल चिरत नेलं आहे. मराठी माणसाच्या मनात ‘कातळ’ म्हटलं की काळा बेसाल्ट उभा राहतो, थिजलेल्या लाव्हारसाचा. मोअबचा कातळ तांबूस-पिवळा आहे. तो सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्यांचा दगड झालेला आहे. वाऱ्याने रचलेले थर अजून तिरके दिसतात. अशा प्रदेशात वाट कुठूनही काढता येत नाही. कड्याला जिथे फट आहे तिथूनच उतरायचं, नदीला जिथे उतार आहे तिथूनच पार व्हायचं. त्यामुळे आधीच्यांच्या वाटेवर नंतरच्यांचं पाऊल पडणं अटळ होतं.

मोअबजवळ कोलोरॅडो नदी ओलांडता येते, हे इथल्या मूळ रहिवाशांना पूर्वापार ठाऊक होतं. यूट लोकांचं तिथे जाणं-येणं होतं. पुढे तीच जागा ‘ओल्ड स्पॅनिश ट्रेल’ने उचलली. साधारण 1829 ते 1848 या काळात सँता फे आणि लॉस एंजेलिस यांच्यामध्ये या मार्गाने खेचरांचे तांडे चालत. जाताना लोकरी घोंगड्या, येताना घोडे आणि खेचरं. याच मार्गावर पायूट जमातीची बायकामुलं पकडून विकली जात. 1855 मध्ये मॉर्मन पंथाच्या 41 जणांनी मोअबला वस्ती करायचा प्रयत्न केला. यूटांशी झालेल्या चकमकीत त्यांचे तिघं मारले गेले आणि त्याच वर्षी ते परतले. कायमची वस्ती झाली ती 1870 नंतरच्या दशकात. मग गुरं आली आणि गुरांच्या वाटा आल्या.

या एकावर एक चढलेल्या वाटांचा सगळ्यात स्पष्ट नमुना म्हणजे शेफर कॅन्यनचा उतार. पठाराच्या माथ्यावरून नदीकडे उतरणारी ती वाट मूळ रहिवाशांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेफर कुटुंबाने ती गुरांसाठी नीट करून घेतली आणि तिला त्यांचं नाव चिकटलं. 1950 नंतरच्या दशकात ती पुन्हा रुंद झाली, या वेळी ट्रकसाठी. ट्रकमध्ये काय भरायचं होतं? युरेनियम.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेला अण्वस्त्रांसाठी देशातलंच युरेनियम हवं होतं. 1948 मध्ये अणुऊर्जा आयोगाने खनिजाला हमीभाव जाहीर केला, नव्या साठ्यांसाठी बक्षिसं ठेवली. खरेदीदार एकच, सरकार. 1952 च्या जुलैमध्ये चार्ली स्टीन नावाच्या कफल्लक भूशास्त्रज्ञाला मोअबच्या आग्नेयेला लिस्बन व्हॅलीत मोठा साठा लागला. त्याने खाणीचं नाव ठेवलं ‘मी व्हिदा’, स्पॅनिशमध्ये ‘माझं आयुष्य’. मग लोंढा सुरू झाला. 1950 च्या जनगणनेत मोअबची वस्ती 1,274 होती, 1960 मध्ये 4,682 झाली. 1956 मध्ये गावाला लागून, नदीच्या काठावर, युरेनियम गाळणारी गिरणी उभी राहिली.

याच धामधुमीत आयोगाने ‘व्हाइट रिम’ रस्ता बनवला. पठाराच्या माथ्याखाली साधारण 365 मीटरवर पांढऱ्या वालुकाश्माचा एक सज्जा आहे. त्याच्या कडेकडेने जाणारी ही सुमारे 160 किलोमीटरची कच्ची फेरी. आसपासच्या इतर भागांत युरेनियम भरपूर निघालं, व्हाइट रिमच्या खाणींतून मात्र फारच थोडं. खर्चाच्या हिशेबात तो रस्ता वाया गेला होता. आज माउंटन बाइकवाल्यांच्या यादीत तो अगदी वर असतो. तीन-चार दिवस, परवाना घेऊन, ठरलेल्या तळांवर मुक्काम करत लोक ती फेरी पूर्ण करतात.

हे कसं झालं, याची किल्ली 1964 सालात आहे. त्या वर्षी 3 सप्टेंबरला अमेरिकेत वन्यप्रदेशांच्या संरक्षणाचा ‘विल्डरनेस ॲक्ट’ झाला. त्यात अशा प्रदेशांत यांत्रिक वाहतुकीला मनाई आहे आणि पुढे सायकलही त्या मनाईत धरली गेली. नऊ दिवसांनी, 12 सप्टेंबरला, ‘कॅन्यनलँड्स’ राष्ट्रीय उद्यान स्थापन झालं आणि व्हाइट रिम त्याच्या हद्दीत आला. या उद्यानात सायकल फक्त रस्त्यावर चालवता येते, पायवाटांवर नाही. म्हणजे ज्या निर्जनतेसाठी सायकलस्वार इतक्या लांब येतो, तिथवर त्याला पोचवणारा रस्ता अणुबाँबच्या घाईतून निघालेला आहे. ती घाई झाली नसती, तर उद्यानाच्या नियमाने त्याला तिथे जागाच नव्हती.

गावाच्या वरच्या स्लिकरॉकची गोष्टही चाकांचीच. तिथली प्रसिद्ध फेरी 1969 मध्ये आखली गेली ती मोटारसायकलींसाठी. खडकावर चाकाची खूण उमटत नाही, म्हणून पांढऱ्या रंगाचे पट्टे मारून दिशा दाखवली. सुमारे 17 किलोमीटरच्या या फेरीवर माउंटन बाइक आल्या त्या 1980 नंतर. 1983 मध्ये ग्रॉफ बंधूंनी मोअबमध्ये सायकलचं दुकान काढलं. 1984 मध्ये युरेनियमची गिरणी बंद पडली. एक धंदा मावळत असताना दुसरा उगवला, आणि दुसऱ्याला रस्ते आयते मिळाले.

ही गोष्ट इथे थांबवली तर छान वाटते: विनाशासाठी काढलेल्या वाटा आनंदाच्या झाल्या. मी अनुवाद करत होते ते लेखन इथेच थांबतं. मला थांबता येईना, कारण रस्त्यांचा हिशेब झाला तरी खाणींचा राहतो. याच पठारावर दक्षिणेला नवाहो लोकांची भूमी आहे. ते स्वतःला ‘दिने’ म्हणतात. 1944 ते 1986 या काळात त्यांच्या भूमीतून जवळजवळ 3 कोटी टन युरेनियम खनिज काढलं गेलं आणि 500 हून अधिक खाणी तशाच सोडून दिल्या गेल्या. खाणीत उतरणाऱ्यांत दिने पुरुष मोठ्या संख्येने होते. वायुवीजन नसलेल्या बोगद्यांत रेडॉन वायू साठतो आणि त्याने फुप्फुसाचा कॅन्सर होतो, हे युरोपातल्या खाणींवरून आधीच कळलेलं होतं. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने 1950 मध्ये या कामगारांचा अभ्यास सुरू केला. कामगारांना धोका सांगितला नाही. दिने भाषेत युरेनियमचं नाव ‘लेत्सो’, म्हणजे पिवळी माती. खनिजाच्या भावाचा शब्द त्यात नाही, बाँबचाही नाही. हाताला आणि कपड्यांना लागून घरी येणाऱ्या वस्तूचं ते नाव आहे.

या दोन्ही हिशेबांना जोडणारा एक माणूस आहे, स्ट्युअर्ट उडाल. 1961 मध्ये ते अमेरिकेचे गृहभूमी खात्याचे मंत्री झाले. त्याच वर्षी धरणं बांधणाऱ्या खात्याचा प्रमुख त्यांना विमानातून कोलोरॅडो आणि ग्रीन नद्यांच्या संगमाजवळची धरणाची जागा दाखवायला घेऊन गेला. उडालना खाली धरण दिसलं नाही, राष्ट्रीय उद्यान दिसलं. कॅन्यनलँड्स उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. मंत्रिपद संपल्यावर, 1979 च्या सुमारास, हेच उडाल वकील म्हणून नवाहो कामगारांच्या आणि त्यांच्या विधवांच्या बाजूने सरकारविरुद्ध उभे राहिले. 1984 मध्ये संघीय न्यायालयाने, सरकारला कायद्याचं संरक्षण आहे या कारणावरून, दावा फेटाळला. गिरणी बंद पडली ते हेच साल. शेवटी 1990 मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून देशाच्या वतीने माफी मागितली आणि पात्र खाणकामगारांना 1,00,000 डॉलरची भरपाई ठरवली. तोवर कित्येक दावेदार उरले नव्हते.

गिरणी बंद झाली, तिची राख-माती मात्र राहिली. कोलोरॅडो नदीच्या अगदी काठाला 1.6 कोटी टन किरणोत्सर्गी गाळ साठला होता. हीच नदी पुढे कोट्यवधी लोकांची तहान भागवते. 2009 पासून तो गाळ बंद डब्यांत भरून, रेल्वेने, सुमारे 48 किलोमीटर उत्तरेला क्रेसेंट जंक्शनला नेऊन पुरला जाऊ लागला. कामाला दीड दशकाच्या आसपास लागलं. सायकली गाडीवर बांधून उत्तरेकडून मोअबला येणारा प्रवासी नदी ओलांडतो, तो या जागेला खेटूनच.

मला हवा असलेला शब्द अखेर सापडला तो या इतिहासातून: चाकोरी. चाकांनी पडलेली खोल रेघ. मराठीत आपण तिला नावं ठेवतो. चाकोरीबाहेरचं म्हणजे चांगलं. हिंदीत ‘लीक से हटकर’ ही दादच आहे, आणि माझ्या आसपासच्या गुजरातीत गाडीच्या चाकोरीला म्हणतात ‘चीलो’, तर कंटाळवाण्या, रुळलेल्या गोष्टीला ‘चीलाचालू’. तिन्ही भाषांनी चाकोरीला एकच दोष लावला: तिच्यात स्वतःचं काही नसतं. मोअबच्या वाळवंटात तोच तिचा गुण ठरतो. तिथल्या मातीवर सूक्ष्म जिवाणू, शैवाल आणि दगडफुलांची काळपट, खडबडीत साय धरलेली असते. ती वाळूला धरून ठेवते, पाणी मुरू देते. चाकोरी सोडून एक चाक तिच्यावरून गेलं की ती तुटते आणि पुन्हा धरायला अनेक वर्षं, कधी दशकं लागतात. म्हणून तिथे शहाणा सायकलस्वार आडवाटेला जात नाही. दुसऱ्यांनी आधीच मोडलेल्या जमिनीवरूनच तो जातो.

व्हाइट रिमसाठी मी ‘चाकोरी’ वापरला. संपादकांनी विचारलं, वाचकाला हा शब्द जरा नकारात्मक वाटणार नाही का? वाटेल, मी म्हटलं, आणि वाटू द्या. पायवाट म्हटलं की ती आपोआप, सगळ्यांच्या पायांनी पडली असं वाटतं. चाकोरी म्हटलं की आधी कोणाची तरी गाडी गेली होती, हे शब्दातच राहतं. तिच्यात काय भरलं होतं, हे मग वाचक विचारू शकतो.