भोंगा कोणासाठी होता?

2-3 डिसेंबर 1984 ची रात्र. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. पाण्याशी गाठ पडताच मिथाइल आयसोसायनेट तापते. दाब वाढला आणि सुमारे 40 टन विष बाहेर पडले. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद होती. पाण्याचे फवारे वायूच्या उंचीपर्यंत पोहोचले नाहीत.

आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. वस्तीला सावध करणारा भोंगा वाजल्यावर लगेच बंद का केला? तोंडावर ओले फडके धरा, वाऱ्याबरोबर पळू नका, एवढे तरी आधी का सांगितले नाही? कारखान्याला खेटून जयप्रकाश नगर, काझी कॅम्प अशा गोरगरिबांच्या वस्त्या होत्या. म्हणून आम्ही याला निव्वळ अपघात म्हणत नाही.

1987 साली कारखाने कायद्यात कलम 41-ब आले. धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या जनतेला देणे मालकावर बंधनकारक झाले. हजारोंच्या मरणानंतर मिळालेला हा हक्क आहे.

मित्रांनो, एमआयडीसीलगतच्या आपल्या वस्त्यांशेजारी कोणती रसायने साठवली आहेत? भोंगा वाजला तर कुठे जायचे? हे विचारा. उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून!