एका इंचाची शंभर वर्षे

सायकल दुरुस्तीच्या दुकानात पुढचे चाक धरणाऱ्या भागाला चिमटा म्हणतात. इंग्रजीतला फोर्क तो हाच. चिमट्याचे दोन पाय सर्वांना दिसतात. पण त्याच्या माथ्यातून वर निघून फ्रेमच्या आत दडलेली नळी सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. हँडल वळवले की चाक वळते ते या नळीमुळे. ब्रेक दाबल्यावर पुढे येणारा भारही तिच्यावरच पडतो. ती मोडली, तर स्वाराला सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून तिचे माप हा जिवाशी निगडित प्रश्न आहे.

१८८५ मध्ये इंग्लंडमधील कव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी जवळजवळ सारख्या चाकांची 'रोव्हर' सायकल बनवली. आजची सायकल तिचीच वंशज. इंग्लिश कारखाने इंचात मोजत. त्यामुळे चिमट्याच्या नळीचा बाहेरचा व्यास एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर, हे माप पुढे रूढ झाले. आपल्याकडच्या काळ्या रोडस्टर सायकलीही मूळच्या याच इंग्लिश वळणाच्या.

पण सगळ्या एक इंची नळ्यांचे एकमेकींशी जमत नव्हते. नळीच्या वरच्या टोकाला आटे असतात. इतर बहुतेक कारखाने इंचाला २४ आटे पाडत, तर नॉटिंगहॅमची रॅले कंपनी २६. इटलीत आटे २४च, पण त्यांचा कोन ६०ऐवजी ५५ अंशांचा. फ्रान्सचा कारभार मेट्रिक; तिथली नळी २५ मिलिमीटरची. तिच्यात बसणारा हँडलचा दांडा २२ मिलिमीटरचा, तर इतरत्र २२.२. केसाएवढा फरक, पण तेवढ्यावरून दांडा अडतो.

हे माप मोडले ते डोंगरातल्या सायकलींनी. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील तरुण दगडधोंड्यांच्या उतारावरून सायकली पिटाळू लागले. पुढे अशा सायकली कारखान्यांत बनू लागल्या, तेव्हा अधिक भक्कम नळी हवीशी झाली. गॅरी फिशर यांनी सव्वा इंचाची नळी पुढे आणली. अखेर जम बसला तो एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचा, म्हणजे २८.६ मिलिमीटरचा. वाढ दिसायला किरकोळ. परंतु धातू आणि पत्र्याची जाडी तीच ठेवली, तर नळीचा ताठरपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. इथे तो सुमारे ४० टक्क्यांनी वाढला. त्याच सुमारास जॉन रेडर या अमेरिकन कल्पकाने आटेच काढून टाकले. १९९२ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. आता हँडलची पकड नळीला बाहेरून आवळते. पुढे खाली दीड इंच आणि वर निमुळती होत जाणारी नळीही आली.

प्रत्येक नवे माप आले की धडधाकट जुन्या फ्रेम्स पोरक्या होतात. जाड तोंडाच्या फ्रेममध्ये बारीक नळी जोडकडी घालून बसवता येते. उलट मात्र करता येत नाही. म्हणूनच मागणीनुसार चिमटा बनवणाऱ्या कारागिराला हा इतिहास ठाऊक असावा लागतो. जपानच्या कैरिन शर्यतींतील पोलादी सायकलींनीही जुनी आट्यांची एक इंची नळी सोडलेली नाही.

असा चिमटा बनवून घ्यायचा असेल, तर आधी व्यास कॅलिपरने मोजावा. आटे असतील तर तेही मोजावेत. मग लांबी. बिनआट्यांच्या चिमट्यात फ्रेमची पुढची नळी १५० मिलिमीटर, छऱ्यांच्या वाट्या ३०, कड्या २० आणि हँडलची पकड ४० असेल, तर बेरीज २४० होते. त्यातून सुमारे ३ मिलिमीटर वजा करावेत. नळी पकडीच्या कडेपेक्षा किंचित खाली राहिली, तरच वरचे झाकण छरे नीट दाबते. आट्यांच्या चिमट्याला पकड मोजायची नसते. तिथे वाट्यांची उंची आणि आट्यांची लांबी महत्त्वाची.

शंका असेल, तर नळी लांबच ठेवावी. लांब नळी कापता येते, आखूड कापलेली वाढवता येत नाही.